ग्वामच्या जंगलात जाळी मोजताना

पश्चिम पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटावर कोळ्यांची जाळी मोजून शेजारच्या ग्वाम बेटाच्या जंगलात शिरलो आणि पहिल्याच वळणावर थबकलो. जंगल तसंच चुनखडीवरचं. पण इथे झाडाझाडांमधल्या फटी कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेल्या. पावसाळ्यात इथे काठीने जाळी बाजूला सारतच पुढे जावं लागतं. मोजणीच्या पट्ट्यात मात्र काठी अजिबात चालवायची नाही. मोडलेलं जाळं नोंदीतून कायमचं गेलं.

सहज ओळखू येते ती आर्जिओपी अपेन्सा ही कोळ्याची जात. काळी-पिवळी मादी जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसते, आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे. धक्का लागला की ती आख्खं जाळं गदागदा हलवते, म्हणून टेप लावताना फांदीलाही हात लागता कामा नये.

तिरप्या उन्हात धागे चमकतात. आभाळ भरलं की दिसेनासे होतात. मग पातळ मोज्यात कॉर्नफ्लोअर भरून दुरूनच हलकं झटकायचं. जास्त पडलं तर धागे ओझ्याने लोंबतात आणि माप फुगतं. आडवा व्यास चिकट वेढ्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उभा मात्र मध्यापासून वर आणि मध्यापासून खाली असा वेगवेगळा घ्यायचा, कारण खालचा भाग मोठा असतो. जाळ्यात विणलेल्या पांढऱ्या नागमोडी नक्षीची नोंद दरवेळी करायची, ती नसली तरी. ग्वामवर ती कमी आढळते, आणि पक्षी नसण्याशी याचा संबंध आहे असं मला ठामपणे वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी वृक्षसर्प इथे पोचला आणि जंगलातल्या पक्ष्यांच्या १२ देशी जातींपैकी १० बेटावरून नाहीशा झाल्या. कोळी टिपणारे पक्षी जवळजवळ उरलेच नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्वामवर कोळ्यांची दाटी पक्षी असलेल्या शेजारच्या बेटांच्या तुलनेत पावसाळ्यात ४० पट भरली, कोरड्या हंगामात २.३ पट. इतकी तफावत असताना एका बेटाची पावसाळ्यातली नोंद दुसऱ्याच्या उन्हाळ्यातल्या नोंदीशेजारी मांडली, तर त्यात पक्ष्यांचा परिणाम किती आणि पावसाचा किती हे वेगळं काढता येत नाही. म्हणून रोटा आणि ग्वाम एकाच हंगामात, लागोपाठच मोजायचे.