अळीला मिटिंगची तारीख कळत नाही (माझा अनुभव)

आमची मोठी साडेपाचची आणि धाकटा तीनचा. यंदा दोघांनाही शाळेत घातलेलं नाही, घरीच शिकवतेय. का ते इथे सांगत बसत नाही, नातेवाईकांना सांगून सांगून तोंड दुखलंय.

जुलैचा अख्खा महिना आम्ही एका पुस्तकावर काढला. एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', 1969 चं, ते खादाड अळीच्या गोष्टीचं, पानांना भोकं असलेलं. पहिला आठवडा छान गेला. वार पाठ झाले, पाचपर्यंत मोजून झालं, सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर असं कापून खाऊन झालं. स्ट्रॉबेरी जुलैत कुठून आणणार, म्हणून गुरुवारी गाडीवरची शेवटची चार जांभळं. शनिवारी पुस्तकातली अळी केक, लोणचं, कलिंगड असं वाट्टेल ते खाते आणि मग तिचं पोट दुखतं, तर मोठीने स्वतःची यादी केली त्यात वडापाव, कुरडई आणि आज्जीचा मेतकूटभात होता. धाकट्याने फक्त खाल्लं.

मी एक चूक केली, मोठीला सांगून टाकलं की कार्लला ही कल्पना कागदांच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोकं पाडताना सुचली आणि आधी तो पुस्तककिड्याचीच गोष्ट करणार होता. तेव्हापासून घरातलं पंचिंग मशीन तिच्या हातातून सुटलं नाही. हे पुढे कामाला येणार आहे.

मग खरी अळी बघायची टूम निघाली. पावसाळ्यात मुंबईत यासाठी कुठे जावं लागत नाही, लिंबू नाहीतर कढीपत्त्याचं झाड शोधा. आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पाण्याच्या टाकीमागे कढीपत्ता आहे, त्यावर चार मिळाल्या. कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराच्या. लहान असताना हुबेहूब चिमणीची शी वाटते, मोठी झाली की हिरवीगार, आणि डिवचलं तर डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. सासूबाई आधी ओरडल्या की सुरवंट घरात आणू नका, अंगाला खाज सुटेल, पण ही केसाळ नाही, गुळगुळीत आहे, म्हणजे सुरवंट नाही अळी, हे पटल्यावर त्याच रोज बरणीत डोकवायला लागल्या. मोठीने सफरचंदाची फोड ठेवून पाहिली. अळी त्यावरून चालत गेली आणि परत पानाकडे वळली. मोठी म्हणाली, "पुस्तकात खोटं लिहिलंय!"

तर मुद्दा असा की अळ्यांना रोज ताजी पानं लागतात, आणि ती बाजारची चालत नाहीत. एक दिवस पाऊस धो धो म्हणून मी भाजीवाल्याकडची जुडी धुऊन टाकली, दुसऱ्या दिवशी एक अळी मेलेली. फवारलेली असणार. मग लिफ्टजवळ नोटीस दिसली, सोमवारी सकाळी कंपाउंडमध्ये पेस्ट कंट्रोल.

इथून पुढे माझं डोकं जे तापलंय ते अजून तापलेलंच आहे.

सोसायटीच्या ऑफिसात गेले, म्हटलं एक झाड सोडून फवारा, बास. मॅनेजर म्हणाले लेखी द्या. दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले फ्लॅट तुमच्या सासूबाईंच्या नावावर, सही सभासदाची लागते. सासूबाई तेव्हा नेमक्या नणंदेकडे डोंबिवलीला. दोन पोरं घेऊन, पावसात, लोकल पकडून एका सहीसाठी गेले, आणि अर्ज कशाचा तर कढीपत्त्याचा! परत आले तर ऑफिस बंद, वेळ संध्याकाळी सहा ते आठ, आणि मला आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. आत दिवा चालू होता हं.

तिसऱ्या दिवशी अर्ज काढून पुढे केला तर त्याला पाच भोकं. रांगेत. पुस्तकात शुक्रवारची पाच संत्री असतात ना, ती. मोठी शेजारी उभी राहून मॅनेजरना समजावून सांगतेय की हे अळीने खाल्लंय. मॅनेजर म्हणाले, "वहिनी, असला कागद फाइलला नाही लागत." सासूबाई शनिवारी परतल्या, पुन्हा लिहिलं, पुन्हा सही. तो नवा कोरा कागद मॅनेजरनी हातात घेतला, खणातून पंचिंग मशीन काढलं, खटकन दोन भोकं पाडली आणि फाइलला लावला. मोठीने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार तिला?

पोच मागितली तर शिक्का खजिनदारांकडे. निर्णय कधी विचारलं तर कमिटीची मिटिंग दुसऱ्या रविवारी, ती नुकतीच होऊन गेली, आता ऑगस्टमध्ये. अहो पण अळी पंधरा दिवसांत कोशात जाते, म्हटलं. "तुमचा मुद्दा घेऊ ना आपण मिटिंगमध्ये."

सोमवारी सकाळी काय झालं ऐका. वॉचमनकाकांनी पेस्ट कंट्रोलवाल्या पोराला चहा पाजला आणि कढीपत्त्याला एक लाल चिंधी बांधून सांगितलं, इथे मारायचं नाही. नाही मारलं. पाच मिनिटं. हेच मी पहिल्या दिवशी केलं असतं तर! त्यामुळे तुम्ही आधी वॉचमनकडे जा, अर्ज नंतर.

आणि हो, फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवणार असाल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी आत पडून बुडते. बरणीला झाकण नको, मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने लावा. खाली वर्तमानपत्र, लेंड्या खूप पडतात. अळीला बोटाने उचलू नका, रंगाचा ब्रश वापरा. खाणं बंद करून पातळ शी केली आणि सैरावैरा फिरायला लागली की समजा कोश करणार, तेव्हा जाळी सोडू नका, आमची एक पडद्यावर सापडली. इंग्रजीत पतंगाचा तो कोकून आणि फुलपाखराचा तो क्रिसॅलिस, कार्लने कोकून लिहिलं म्हणून लोक बिचाऱ्याला धरतात, आपल्याकडे दोन्हींना कोशच, तेवढा माझा ताप वाचला.

कोश रेशमाच्या पट्ट्याने फांदीला टेकून बसतो, लोकलमध्ये दाराला टेकून उभं राहावं तसा. दहा दिवस काहीच होत नाही. अकराव्या दिवशी त्यातून आतले काळे पंख दिसायला लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी चहा टाकायला उठले तर फुलपाखरू बाहेर, पंख चुरगळलेल्या फडक्यासारखे, खाली कागदावर लालसर थेंब. दोघांना गदागदा हलवून उठवलं. तासभर पंख वाळवत बसलं आणि खिडकीतून गेलं. धाकटा रडला.

ऑगस्टच्या मिटिंगनंतर पत्र आलं. ठराव असा की सभासदांनी झाडावरील किडे स्वखर्चाने काढून घ्यावेत. मोठीने त्याला पाच भोकं पाडली. मी अडवलं नाही.