खुनी भाचा आहे

तीन वाजता करंट गेला. आषाढात आमचा बेळगावचा पाऊस दिवसभर कुरकुरत बसतो, दुखणेकऱ्या म्हाताऱ्यासारखा. टीव्ही बंद, फोनची बॅटरी संपत आलेली. शेवटी पुतणीनं दिलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं. कव्हरावर पुस्तकांचं दुकान आणि दारात एक गलेलठ्ठ मांजर. म्हणजे सगळं आलंच. तिसऱ्या प्रकरणात मुडदा पडणार, तोही आपल्या डोळ्यांआड. पोलिसांना काही सुधरणार नाही, आणि दुकानाची मालकीण लोकांना केक खायला घालता घालता खुनी पकडणार.

याला 'कोझी' म्हणतात म्हणे. कूळ शोधायचं तर ॲगाथा ख्रिस्तीच्या म्हाताऱ्या हौशी गुप्तहेर मिस मार्पलपाशी पोचतं. विणकाम करत बसणाऱ्या त्या बाई कादंबरीत आल्या 1930 साली. पुस्तकांच्या दुकानाभोवती खून रचायचा उद्योग कॅरोलिन हार्ट यांनी अमेरिकेत 1987 साली मांडला. असल्या कादंबऱ्यांना तिकडं ॲगाथा ख्रिस्तीच्या नावानं पुरस्कार देतात, आणि पुरस्कार काय, तर चहाची किटली! मला हे फार आवडलं. खून चांगला केलात, घ्या किटली.

या कादंबऱ्यांतल्या गावांत दुकानदाराला माहीत असतं, कुणी कुठलं पुस्तक नेलं. विषांवरचं पुस्तक गेल्या मंगळवारी कोण घेऊन गेलं, इथंच धागा सापडतो. आमच्याकडं तर खून पचणंच कठीण. गणपत गल्लीत चप्पल घेतली तर मी घरी पोचायच्या आत काकूला तिची किंमत कळलेली असते.

लहानपणी गल्लीच्या तोंडाशी, किराणा आणि सायकलवाल्याच्या मधल्या बोळात एक वाचनालय होतं. दिवसाला पंचवीस पैसे. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सगळे खाकी कव्हरात. वाचनालयवाल्या मामांनी प्रत्येक पुस्तक दाभणानं आरपार शिवलेलं असायचं, त्यामुळं ओळीतली पहिली दोन अक्षरं शिवणीत जायची आणि ती अंदाजानं वाचावी लागायची. अर्धं रहस्य तिथंच. काहींचं शेवटचं पान गायब असायचं. मग मामा रजिस्टरात बोट घालून शेवट तोंडी सांगायचे. दरवेळी खुनी वेगळा. शेवटचं पान नसायची आम्हाला तशी सवयच आहे म्हणा. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे.

पण खरा घात पेन्सिलीचा. बाराव्या पानावर, समासात, बारीक अक्षरात: 'खुनी भाचा आहे.' दुसऱ्या पुस्तकात, 'डॉक्टरवर लक्ष ठेवा.' तिसऱ्यात नुसतं एक नाव आणि खाली दोन रेघा. मी सातवीत होतो, पेटलो. त्या अक्षरातला ख जुन्या वळणाचा होता, र आणि व शेजारी ठेवल्यासारखा. संशय आधी कंपाउंडरवर, मग कोपऱ्यावरच्या रिटायर्ड गुरुजींवर. मामांची नजर चुकवून रजिस्टर चाळलं. तिन्ही पुस्तकं माझ्याआधी एकाच नंबरावर गेली होती. सत्तेचाळीस. म्हणजे आमचाच.

आमच्या घरात दुपारी वाचणारं माणूस एकच. आजी माजघरात पोह्यांतली कुसळं निवडत होती.

"आजी, पुस्तकात तू लिहितेस?"

"मी कशाला लिहितो बाबा? मला काय दुसरी कामं नाहीत?" सुपावरची मान वर झाली नाही. दोन कुसळं निघाली. मग म्हणाली, "बरं, पण भाचाच निघाला की नाही?"

पाच वाजता करंट आला, तेव्हा माझं निम्मं पुस्तक झालं होतं. मला बेकरीवाल्याचा संशय आहे. माणूस उगाच गोड बोलतो. वाचून झालं की पुस्तक वहिनीकडं जायचंय, तिनं आधीच सांगून ठेवलंय. या घरात पेन्सिल म्हणून वेळेवर सापडेल तर शपथ.