जुना काइट घ्यायचा की नवा?

मागच्या महिन्यात काइटसर्फिंगसाठी (मोठ्या पतंगाच्या ओढीनं पाण्यावर बोर्डवरून जायचा खेळ) 12 चौरस मीटरचा सेकंडहँड काइट साताऱ्याला घरी मागवला, फोटोत एकदम नवा दिसत होता, पण हॉलमध्ये हवा भरून रात्रभर ठेवला तर सकाळी लीडिंग एज, म्हणजे पुढच्या कडेची हवा भरायची नळी, मऊ पडलेली. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे व्हॉल्व्हच्या बुडाशी. म्हणजे ब्लॅडर, नळीच्या आतली हवेची पिशवी, ठीक होतं, गोंद सुटला होता, आणि तो बऱ्याचदा उन्हात गाडीच्या डिकीत काइट ठेवल्यामुळं सुटतो. हे दुरुस्त होतं.

कापडाचं तसं नाही. कमी वापरलेलं कापड कागदासारखं करकरतं, ऊन खाल्लेलं असलं की लुळं पडतं, रंग उडतो, आणि शिवणीजवळ हळू ताणून बघितलं की सुईच्या भोकांतून उजेड दिसायला लागतो. असा काइट फुकट मिळाला तरी घेऊ नका, पाण्यावर जोरात आपटला की फाटणारच.

म्हणून मी काइट कुठल्या वर्षीचा ते नंतर बघतो, कापड आधी. वर्ष बघायचं ते फक्त एवढ्यासाठी: 2005 च्या सुमारास बो काइट आले, ते बार, म्हणजे हातातला दांडा, पुढं ढकलला की जवळजवळ सगळा जोर सोडतात, त्याआधीचे, C अक्षरासारखे वाकलेले सी काइट तसे सोडत नाहीत, ते नवशिक्यानं घेऊच नयेत, स्वस्त असले तरी.

आणि दोऱ्या! चारही एका खांबाला अडकवून सारख्या ताणून बघा. काइटच्या पुढच्या कडेला जाणाऱ्या दोनवर भार जास्त, त्या लांबतात, मग काइट मागं मागं पडतो आणि आपल्याला वाटतं काइटच गेला.

व्हॉल्व्ह चिकटवलाय, आता गोव्यात मोरजीमला नेणार.