४९५ आणि वजाबाकीचा तास

सहावी-सातवीला गणित शिकवताना माझे एक मत वर्षागणिक पक्के होत गेले आहे. वर्गात खेळ किंवा कोडे आणणे सोपे आहे. खरा कस लागतो तो त्यानंतर, जेव्हा मुले ‘असे का होते?’ या प्रश्नापाशी अडतात आणि उत्तर माहीत असूनही शिक्षकाला गप्प राहावे लागते. ही कसोटी पाहणारे माझे सर्वांत आवडते उदाहरण आपल्याच मातीतले आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत असत. चार अंकी संख्येतील अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करत गेले, की शेवटी ६१७४ हीच संख्या हाती येते, हा त्यांचा १९४९ सालचा शोध आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. सगळे अंक सारखे असलेल्या संख्या सोडल्या, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ही गोष्ट घडते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२ आणि मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

मी मात्र वर्गात सुरुवात तीन अंकी संख्यांपासून करतो, कारण तिथे ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या आवाक्यात असते. प्रत्येकाने आपल्या मनाची संख्या घ्यायची, तीनही अंक सारखे नसावेत एवढीच अट. कोणाला लगेच ४९५ मिळते, कोणाला चार-पाच वजाबाक्या कराव्या लागतात आणि थोड्या वेळाने बाकाबाकांवरून ‘माझेही ४९५!’ असे आवाज येऊ लागतात. हातच्याच्या वजाबाकीची पानभर उदाहरणे दिली असती तर कंटाळलेली हीच मुले आता आपणहून दुसरी, तिसरी संख्या घेऊन पाहतात, आणि ज्याचे उत्तर वेगळे येते त्याची वही शेजारचे दोघे-तिघे तपासू लागतात.

वेगळे उत्तर येण्याचे एक कारण फार मोलाचे आहे. ५४४ घेणाऱ्याला ५४४ वजा ४४५ म्हणजे ९९ मिळतात. तो पुढे ९९ मधून ९९ वजा करतो, शून्य येते आणि नियम मोडला असे जाहीर करतो. शेजारची मुलगी तेच उत्तर ०९९ असे लिहून ९९० वजा ०९९ करते आणि ८९१, ७९२, ६९३, ५९४ अशा पायऱ्या उतरत ४९५ पर्यंत पोहोचते. दोघांपैकी बरोबर कोण, यावर वर्गात जो वाद होतो, त्यात शून्याने जागा राखण्याचा अर्थ जितका लख्ख होतो तितका स्थानिक किमतीच्या धड्यात क्वचितच होतो. या वेळी मी निकाल देत नाही. ‘आपण तीन अंकी खेळ खेळतो आहोत, तर तिसरा अंक कुठे गेला?’ एवढेच विचारतो आणि थांबतो.

त्यानंतर सगळ्यांची मधली उत्तरे फळ्यावर लिहून घेतो: १९८, २९७, ३९६, ५९४, ६९३. मधला अंक नेहमी ९ आहे हे कोणीतरी पटकन ओळखते आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ आहे हे जरा वेळाने लक्षात येते. मधला अंक ९ का, याचे उत्तर मुले वजाबाकीतूनच देतात. एककात वरचा अंक लहान म्हणून दशकाकडून घ्यावे लागते. दशकात दोन्हीकडे एकच अंक होता, त्यातला वरचा आता एकाने कमी झाला, म्हणून शतकाकडून घ्यावे लागते आणि तिथे ९ उरतात. एरवी यांत्रिकपणे केली जाणारी हातच्याची क्रिया इथे कारण म्हणून उभी राहते, हे पाहताना मला आजही मनापासून आनंद होतो. ही प्रत्येक वजाबाकी म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९ पट असते, ही मांडणी अक्षरे वापरू लागलेल्या सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमते. मग शक्य असलेली उत्तरे नऊच उरतात, ती एकेक तपासता येतात आणि जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत सगळे ४९५ ला का पोहोचतात, हे पूर्ण सिद्ध होते. मुलांनी स्वतः केलेली ही खरीखुरी सिद्धता आहे.

चिंचोक्यांचा खेळही मी याच रीतीने घेतो. एकवीस चिंचोके, एका वेळी एक ते तीन उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. समोरच्यासाठी चारच्या पटीत चिंचोके ठेवायचे, हे मुलांना खेळता खेळता सापडते. मग ‘एक ते चार उचलता आले तर?’ असे विचारले की शोध पुन्हा सुरू होतो.

पोर्शन मागे पडतो, ही सहकाऱ्यांची तक्रार मला ठाऊक आहे आणि ती अनाठायीही नाही. परंतु वर सांगितलेल्या कामात वजाबाकी, स्थानिक किंमत, विभाज्यता आणि बीजगणिताची पायाभरणी दोन-तीन तासांत होते, आणि तीही मागच्या बाकांवरच्या मुलांसह. खेळ पाठ्यक्रमाबाहेरचा ठेवला तर वेळ जातो, धड्याच्या जागीच ठेवला तर वाचतो, असा माझा अनुभव आहे.

ज्यांचे लवकर संपते त्यांना मी दोन अंकी संख्या देतो. तिथे एकच संख्या मिळत नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र फिरत राहते. पाच अंकांचे काय होते, हे मग मुलेच विचारतात. तिथेही सर्वांना गाठणारी एक संख्या नाही, वेगवेगळी चक्रे आहेत. तेवढ्या वजाबाक्या हाताने करणे जिकिरीचे असल्याने त्या मी संगणकावर करू देतो, मात्र आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिलेला असला पाहिजे.