तुम्ही विचारलंत म्हणून: बायको गेल्यावर सतार कशी सुचली?

मार्केट यार्डात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा माझ्या चुलतभावानं दवाखान्याच्या बाकावर बसून विचारलं, "वहिनी माहेरी गेल्या आणि तू सतार शिकायला लागलास. सुटल्यासारखं वाटलं का रे?"

आजवर मी कधी "असंच", कधी "सतारीनं वाचवलं" म्हणून वेळ मारून नेली. आता नाही.

ती का गेली हे सांगलीत सगळ्यांना माहीत आहे, निदान सगळ्यांना तसं वाटतं. त्यात मी शिरत नाही. घटस्फोट का घेत नाही, हेही विचारू नका. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब मला पाठ आहे: वर्षभर वेगळं राहायचं, दोघांच्या संमतीनं अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते सहा महिने कोर्ट माफही करू शकतं. आम्ही अर्ज केलेला नाही. दोघांनीही नाही. का, ते मला सांगता येत नाही.

सांगता येतं ते भांड्यांचं.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मेव्हणा छोटा हत्ती घेऊन आला. कराडहून एकटाच आला होता. "दाजी, ताईची भांडी न्यायला सांगितलंय," म्हणाला. त्या दिवशीही त्यानं मला दाजीच म्हटलं. माळ्यावरची, फडताळातली, ओट्याखालची सगळी भांडी आम्ही सोप्यात पसरली आणि समोरासमोर बसलो. आपल्याकडं भांड्यांवर नावं घालतात. एकेक भांडं पालथं करायचं, ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरं वाचायची आणि बाजूला ठेवायचं. तिच्या आत्यानं दिलेली परात. तिच्या मामांकडून कळशी. माझ्या आईच्या नावाची पातेली इकडं. वीस वर्षांच्या घासण्यानं काही अक्षरं पुसट झालेली, ती तो खिडकीपाशी नेऊन उजेडात वाचायचा. दीड तास चाललं. त्या दीड तासात लग्नातली सगळी माणसं त्या सोप्यात येऊन गेली.

शेवटी एक स्टीलचा डबा उरला. माझ्या मावशीनं दिलेला, त्यावर आमची दोघांची नावं. मेव्हण्यानं तो वाचला आणि आमच्या दोघांच्या मधे फरशीवर ठेवला. "हा?"

"आमच्याकडचा आहे," मी म्हणालो आणि मागं सरकवला.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. पोरगा काही बोलला नाही, टेम्पोत पोती अंथरून भांडी नीट रचली, पाया पडून गेला. दोन दिवसांनी तिचा फोन आला. भांडी पोचली म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, "मावशींचा डबा असू दे तुमच्याकडं." एवढंच. मी डबा लपवला असं मला वाटत होतं. तिला तो कुठल्या फळीवर असतो तेही माहीत होतं.

तर सुटल्यासारखं वाटलं का, याचं हे उत्तर.

त्यानंतर संध्याकाळी आठ ते नऊ घरात बसवेना. ती जेवणाची वेळ. झोपही जायची, म्हणून पहाटे हरिपूर रस्त्यानं चालायला लागलो. संगमेश्वराच्या घाटावर तीन जण नेहमी भेटायचे: एक निवृत्त एसटी चालक, एक शाळामास्तर, एक झेरॉक्सवाला. वारणा कृष्णेला मिळते तिथं बसून पावसापाण्याचं बोलायचो. एक दिवस मास्तरांनी सहज विचारलं, "तुम्ही डबा कुठनं घेता?" घरी जेवणारा माणूस दुसऱ्याला हा प्रश्न विचारत नाही. मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "माझं तिसरं वर्ष." मग झेरॉक्सवाला म्हणाला, "माझं सहावं." चालक विधुर, तरी आमच्यातच बसतात.

हळदीच्या अडतीत माझं आयुष्य गेलं. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे, मी लहानपणापासून बघितली आहेत. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. पेवाचं तोंड उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यावी लागते, नाहीतर माणूस गुदमरून मरतो. घाटावर आमचं तेच चाललं होतं. फक्त एकदा मी तिच्याबद्दल वाईट बोलायला लागलो, तेव्हा चालकांनी हात वर केला. "त्या इथं नाहीत. तुमचं सांगा." मला राग आला. आठवडाभर गेलो नाही. मग गेलो आणि माझं सांगितलं: ती बोलायची तेव्हा मी कधीच ऐकत नव्हतो. हिशोबाची वही तिच्याशी बोलताना मी कधी मिटली नाही.

सतार त्यानंतरची. मिरजेत डॉक्टरांकडं नंबर यायला वेळ होता म्हणून सतारमेकर गल्लीत गेलो. एक कारागीर जवारी काढत होता. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, परत कानस. तार घोडीला कशी टेकते त्यावर तिचा आवाज उघडतो, एवढंच तो बोलला. मी अर्धा तास उभा होतो. माझा नंबर गेला. पंधरा दिवसांनी त्याच गल्लीतून जुनी सतार आणली आणि मिरजेतच शिकवणी लावली. आठ ते नऊ. मिजराबानं, म्हणजे तार छेडायच्या नखीनं, तर्जनी कळ मारते, डाव्या बोटांवर तारेचे काळे वळ पडतात, नखांतली हळद सतारीच्या पडद्यांना लागते. दोन वर्षांत यमन रागातल्या दोन गती, म्हणजे सतारीवरच्या बंदिशी, येतात, त्याही कच्च्या.

सुरुवातीला मी सगळ्यांना सांगायचो की सतारीनं वाचवलं. आता तसं म्हणवत नाही. वाचवलं असेल तर घाटावरच्या त्या तिघांनी, आणि तेही नक्की नाही. घाटावर आता तिघंच येतो. झेरॉक्सवाल्याची बायको परत आली. आम्हाला आनंद झाला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, दोन्ही खरं.

चुलतभावानं दुसराही एक प्रश्न विचारला होता. "सतारीला रोज तास देतोस, तो तिला दिला असतास तर?" मी चिडलो. बिलाचं निमित्त करून उठून गेलो. पण हा प्रश्न त्याच्या आधी मीच मला विचारला आहे, तार लावताना, जवळजवळ रोज. कधी वाटतं, ती थांबली असती. कधी वाटतं, तेव्हाचा मी तासभर बसलो असतो तरी कान वहीतच राहिला असता.

दिवाळीत मुलगी आली होती. तिनं गत ऐकली, मोबाईलवर घेतली. "आईला पाठवू?" म्हणाली. मी तारा पुसत राहिलो. तिनं पाठवली की नाही, मी विचारलेलं नाही. मावशीचा डबा फळीवर आहे, त्यात पोहे आहेत.