त्र्वाची वाकडी घरं

पॅरिसहून पूर्वेकडची ट्रेन पकडली की दीडेक तासात त्र्वा येतं. शॅम्पेन भागातलं, सीन नदीकाठचं जुनं गाव. नकाशात बघाल तर जुना भाग चक्क शॅम्पेनच्या बुचाच्या आकाराचा, यात गावकऱ्यांचं कर्तृत्व शून्य पण कौतुक किती!

सगळे टुरिस्ट आधी मांजरांच्या गल्लीत घुसतात, आम्ही पण घुसलो. वरचे मजले एकमेकांकडे इतके झुकलेत की मांजर या छपरावरून त्या छपरावर सहज जाईल, वर आकाशाची नुसती फट उरलीये. बाकी गावातही तेच, एक रेष सरळ असेल तर शपथ, खिडकी एकीकडे चाललीये नि तुळई दुसरीकडे, आणि तरी उभी आहेत बाबा चारपाचशे वर्षं. जवळ जाऊन नीट बघितलं तर ओकची चौकट, खाचा पाडून लाकडी खुंट्यांनी जोडलेली, आणि मधल्या भागात माती नि पेंढा कालवून थापलेला... अरे हा तर आपला कुड! कोकणात आजोळी असलीच भिंत होती, तिचा फोटो मात्र कुणी कधी काढला नाही.

आता गंमत अशी की गाइड सगळ्याला सरसकट मध्ययुगीन म्हणून मोकळे होतात, पण १५२४ ला इथे प्रचंड आग लागली नि गावाचा मोठा भाग जळाला, त्यामुळे गल्ल्यांची आखणी जुनी असली तरी घरं बरीचशी त्यानंतरची. आणि एवढं जळूनही लोकांनी परत लाकडातच बांधलं! वेडेपणा नव्हता तो, या भागात जमिनीखाली खडूसारखा मऊ दगड, बांधकामाला चांगला दगड लांबून आणायचा म्हणजे खर्च, आणि ओकचं जंगल जवळच. पुढे आगीच्या भीतीने म्हणा, फॅशन म्हणून म्हणा, यावर गिलावा चढवला, लाकूड दिसणं गावंढळ वाटायला लागलं. विसाव्या शतकात तर कित्येक घरं पाडायच्याच बेतात होती. मग १९६० नंतर हळूहळू दुरुस्ती सुरू झाली, गिलावा खरवडला, आणि आतून हे सगळं बाहेर आलं.

काही घरांना दिलेला गुलाबी नि पिवळा रंग मला जरा जास्तच वाटला, पण बायकोने सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच काढले.