डावा खिसा

अण्णांच्या शर्टांना खिसा एकच, आणि तोही डावीकडे. मागच्या वर्षी त्यांना पेसमेकर बसवला, तोवर यात कुणाला काही खटकलं नव्हतं. पेसमेकर डाव्या खांद्याखाली, छातीच्या कातडीआड, चपट्या काडेपेटीएवढा. त्याच्या चार बोटं खाली खिसा आणि खिशात मोबाइल.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मोबाइल खुशाल वापरा. फक्त पेसमेकरपासून 15 सेंटीमीटर लांब ठेवा. आणि बोलताना उजव्या कानाला लावा."

"म्हणजे किती हो?" आईने विचारलं. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. टीचभर!

अण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यामुळे लहरींची भीती त्यांना घालता येत नाही. फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबलं की त्याचा सार (SAR) आकडा, म्हणजे अंग त्याच्या लहरींची ऊर्जा किती शोषतं तो, दिसतो आणि आपल्याकडे त्याची मर्यादा किलोला 1.6 वॅट आहे, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "अरे, झिरोचा बल्बसुद्धा 15 वॅट खातो," म्हणून त्यांनी मला गप्प केलं. त्यांना पटलं ते लोहचुंबक. तपासणीच्या वेळी पेसमेकरवर मुद्दाम चुंबक धरतात. तेवढा वेळ तो हृदयाचं काही ऐकत नाही, आपल्याच ठरलेल्या तालात ठोके देतो. चुंबक काढला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. फोनच्या स्पीकरमध्येही चुंबक असतो, आणि काही नव्या फोनांच्या तर पाठीवरच चुंबकांचं कडं असतं.

पटलं खरं, पण हाताला कोण सांगणार? त्या खिशात चाळीस वर्षं काही ना काही: आधी डायरी, मग चष्मा, मग मोबाइल. घरात लेंगा, त्याला खिसा नाही. गळ्यात अडकवायची पिशवी आणली, तर ती नेमकी छातीवरच लोंबायची. शेवटी एका दुपारी आई ब्लेड घेऊन बसली. टाके उसवून तिने सहा शर्टांचे खिसे काढले आणि उजवीकडे शिवले. डावीकडे जुन्या खिशाच्या आकाराचा न विटलेला गडद चौकोन तेवढा राहिला.

उजव्या कानाचं मात्र जमलं नाही. त्या कानाने अण्णांना कमीच ऐकू येतं. मग स्पीकर. फोन टेबलावर, अण्णा खुर्चीत, आणि आमच्या घरची सगळी खबर तिसऱ्या मजल्यापर्यंत! सुरुवातीला मला याची लाज वाटायची. परवा एक गोड आवाज सांगत होता, "काका, तुमचं खातं आज बंद होणार, आलेला ओटीपी वाचून दाखवा." अण्णा चष्मा शोधायला लागले. स्वयंपाकघरातून आई हातातल्या लाटण्यासकट बाहेर आली. "ठेवा तो फोन!" हे पलीकडच्यालाही इतकं स्वच्छ ऐकू गेलं, की फोन त्यानेच ठेवला.

अजूनही रिंग वाजली की अण्णांचा हात आधी डावीकडे जातो, त्या गडद चौकोनावर दोनदा थोपटतो, आणि मग उजवीकडे वळतो. तोवर रिंग बंद झालेली असते.